वाचकांचे प्रश्न : सवलतीचा ठराव सोडा, भाडे वाटून घ्या

प्रश्न : इंदूरला खजुरी बाजार आणि आसपास मुलांची पुस्तके विकणारी आमची पाच छोटी दुकाने आहेत. ऑनलाइन सवलतीपुढे टिकाव लागत नाही. संघ काढून ‘१० टक्क्यांवर कुणीही सूट द्यायची नाही’ असा ठराव करावा का?

उत्तर : संघ जरूर काढा, हा ठराव मात्र नको. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ प्रमाणे विक्रेत्यांनी मिळून विक्रीची किंमत ठरवणे बेकायदा आहे, मग ते कागदावर असो की व्हॉट्सअ‍ॅपवर. औषधविक्रेत्यांच्या संघटनांना भारतीय स्पर्धा आयोगाने असा दंड केलेला आहे. शिवाय ऑनलाइनवाले तुमच्या ठरावाला कशाला जुमानतील? हात बांधले जातील ते तुमचेच.

खरी बचत मागवण्यात आहे. पुण्या-मुंबईहून माल एकत्र मागवा, पण बिले प्रत्येक दुकानाच्या नावाने वेगळी घ्या. एकाच नावावर बिल फाडले की एकाची उधारी थकते आणि पाचही जणांचा माल अडतो. असे संघ बहुधा इथेच फुटतात. गठ्ठ्यावर दुकानाचे नाव, बिल्टी (मालवाहतुकीची पावती) एक, भाडे वजनाप्रमाणे. छापील पुस्तकांवर, चित्रांच्या आणि रंगवायच्या पुस्तकांवरही, जीएसटी नाही. त्यामुळे वाहतुकीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. भाडे सगळे नफ्यातूनच जाते.

दुसरे काम परतीचे. ‘विकले तर ठीक, नाहीतर परत’ या बोलीवर माल घेताना परतीची शेवटची तारीख आणि भाडे कुणाचे, हे चलनावरच लिहून घ्या. जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकांचे कोपरे दबतात, किमतीची चिकटपट्टी काढताना मुखपृष्ठ सोलते, आणि प्रकाशक ती प्रत परत घेत नाही. म्हणून चिकटपट्टी लावूच नका. मुलांनी हाताळायला प्रत्येक शीर्षकाची एकच प्रत उघडी ठेवा. परत पाठवण्याआधी पडून राहिलेल्या पुस्तकांची यादी पाचही दुकानांत फिरवा. राजवाड्याजवळ न खपलेले पुस्तक सुदामानगरला खपू शकते.

नोंदणी मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली करता येते. दुकाने पाच असली तरी सभासद किमान सात लागतात.

प्रश्न : बाहेरगावी एक-दोन पुस्तके स्वस्तात कशी पाठवावीत?

उत्तर : डाक विभागाची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा १ मे २०२५ पासून सुरू झाली. सुरुवातीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. पाकिटाचा माग घेता येतो, पण ते जमिनीवरच्या वाहतुकीने जाते, तेव्हा वाढदिवसाची भेट असेल तर आठवडाभर आधी टाका. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव हवे. नियतकालिके आणि व्यापारी जाहिराती यातून चालत नाहीत.