घटस्फोट ठरलाय, पण राहतोय एकाच वन बीएचकेत

प्रश्न : ताई, लग्नाला १२ वर्षं झाली, मुलगी नऊची आहे. दोघांनी मिळून म्युच्युअल डिव्होर्सचं ठरवलंय पण भांडुपच्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे, वर दुसरीकडे भाडं भरणं परवडत नाही म्हणून अजून एकत्रच राहतो. लाइट बिलावरून सुरू झालेलं बोलणं त्याची आई बाळंतपणात काय बोलली होती तिथपर्यंत जातं. हल्ली निरोपही मुलीकडूनच. तो माझे कॉल रेकॉर्ड करतो असा संशय आहे. मैत्रीण म्हणते बोलणंच बंद कर. आणि गणपतीला कणकवलीला सासरी जायचं का? तिकडे कोणालाच काही माहीत नाही.

उत्तर : अगं, बोलणं बंद करून म्युच्युअल कसं होणार? फ्लॅट कोणाकडे, मुलगी कोणाकडे, पोटगी, दागिने, सगळं आधी आपसात ठरवून कागदावर लिहून द्यावं लागतं. तुमची गडबड अशी होतेय की दोन भांडणं एकदमच चालू आहेत, एक पुढे काय करायचं याचं आणि दुसरं चूक कोणाची याचं. दुसरं १२ वर्षांत मिटलं नाही, ते लाइट बिलावर काय मिटणार! ते सोडून दे. तो बरोबर होता म्हणून नाही, आता त्याचा निकाल तुला कुठेच उपयोगी नाही म्हणून.

हिंदू विवाह कायद्यात अर्ज करायच्या आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, पण नवरा-बायको म्हणून राहत नसाल तर एकाच छपराखालीही ते वेगळं राहणं धरता येतं, सुप्रीम कोर्टाने १९९१ लाच हे सांगितलंय, त्यामुळे घाईघाईत घर सोडू नकोस, आधी वकिलाला विचार. अर्जानंतर साधारण सहा महिने थांबावं लागतं (सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालानंतर योग्य केसमध्ये कोर्ट ते माफही करतं). आणि निकाल लागेपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणजे रागाच्या भरात मारलेला एक टोमणा पण महागात पडू शकतो बघ.

म्हणून पैशाचं बोलणं रात्री तो ट्रेनमधून लटकून आल्यावर काढायचं नाही. रविवारी सकाळी, घराबाहेर, एखाद्या उडप्याकडे बसा, एका वेळी एकच विषय, जे ठरलं ते लगेच एकमेकांना मेसेजवर लिहून ठेवा. आवाज चढला तर "अर्ध्या तासाने बोलू" म्हणून उठायचं आणि खरंच परत यायचं, नाहीतर तो अबोलाच झाला. जॉन गॉटमन म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, ते सांगतात तापलेलं शरीर शांत व्हायला निदान २० मिनिटं लागतात. त्यांच्या अभ्यासात नात्याला सगळ्यात घातक ठरला तो तुच्छतेचा सूर, म्हणजे आपलं ते "तुला काय कळतंय!"

रेकॉर्डिंगचं म्हणशील तर जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवरा-बायकोच्या चोरून केलेल्या रेकॉर्डिंगला घटस्फोटाच्या केसमध्ये पुरावा म्हणून यायची वाट मोकळी केली आहे, तेव्हा संशय घेत बसण्यापेक्षा रेकॉर्ड होतंय असं धरूनच बोल. व्हॉट्सअॅपवरही तेच.

मुलीकडून निरोप मात्र आजपासून बंद. "बाबांना सांग डबा ठेवलाय" हे सुद्धा नको. तिला दोघांनी एकत्र बसवून सांगा, कारणं सांगत बसू नका, ती कुठे राहणार आणि शाळा तीच राहणार का एवढं नीट सांगा, पोरांना तेच हवं असतं. हे दोघांना जमत नसेल तर वांद्र्याला बीकेसीच्या फॅमिली कोर्टात समुपदेशक असतात. तिकडे गेलं की नांदायलाच पाठवतात अशी भीती बऱ्याच जणींना असते, पण मुलीचा ताबा, भेटी यांचंही ते जमवून देतात.

गणपतीचं तू एकटी नको ठरवूस. मुलगी त्याच्यासोबत जाऊ दे, आरत्या, भावंडं तिची आहेतच, तुला जायचं असेल तर आधी त्याने घरी सांगावं, तिथे जाऊन पाच दिवस नाटक करणं कोणालाच झेपणार नाही. कोकणची रेल्वेची तिकिटं ६० दिवस आधी उघडतात आणि मिनिटांत संपतात, तेव्हा हा विषय पहिल्याच रविवारी घ्या.