वाचकांचे प्रश्न : खासदाराचा निवडणूक निधी आणि सभागृहातले मत

प्रश्न : आमच्या खासदारांना निवडणुकीत पैसा कुणी दिला आणि लोकसभेत ते कुणाच्या बाजूने मत देतात, हे ताडून पाहायचे आहे. कागद कुठे मिळतील? जुळणी सापडली तर काय समजायचे?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : सुरुवात उमेदवाराच्या खर्चाच्या हिशेबापासून करा. निकालानंतर ३० दिवसांत तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे नाशिकला सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावाच लागतो. एक रुपया फी भरून तो कुणालाही पाहता येतो, प्रतही मागता येते. थेट अनुसूची ७, ८ आणि ९ काढा. सातवीत स्वतःचा पैसा, आठवीत पक्षाने दिलेला, नववीत व्यक्ती किंवा कंपन्यांकडून आलेली देणगी वा कर्ज. सातवीचा आकडा मोठा असेल तर उमेदवाराचे शपथपत्रही काढा. त्याचे शेअर्स आणि भागीदारी त्यात दिसते.

नववी रिकामी दिसली म्हणून थांबू नका. लोकसभेसाठी ९५ लाखांची खर्चमर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. मोठा पैसा पक्षाकडे जातो. पक्षाचा वार्षिक देणगी अहवाल निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतो, पण नावे २० हजारांवरच्या देणग्यांचीच. नावाच्या जागी इलेक्टोरल ट्रस्ट (देणग्या गोळा करून पक्षांना देणारी संस्था) असेल तर त्या ट्रस्टचा अहवाल वेगळा उघडावा लागतो. निवडणूक रोख्यांसाठी (बँकेतून विकत घेऊन पक्षाला द्यायचे हे रोखे २०२४ मध्ये रद्द झाले) निवडणूक आयोगाची २१ मार्च २०२४ ची यादी घ्या. तिच्यातल्या क्रमांकांवरून खरेदीदार आणि पक्ष जुळतात. १२ एप्रिल २०१९ च्या आधीचे रोखे तिच्यात नाहीत.

खरी अडचण मतांची आहे. पक्षादेश (व्हिप) मोडला तर राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीखाली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याखाली, खासदारकी जाऊ शकते, त्यामुळे एका पक्षाचे सगळे जण एकाच बाजूला मत देतात. बरीच विधेयके तर आवाजी मतदानाने मंजूर होतात. मतविभाजन, म्हणजे मोजून मतदान, झाले तरच कुणी कसे मत दिले याची नोंद राहते. म्हणून मतांऐवजी खासदारांनी सभागृहात विचारलेले प्रश्न तपासा, असे आमचे ठाम मत आहे. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न असतात. विचारणाऱ्याचे नाव, मंत्रालय, तारीख सगळे संसदेच्या संकेतस्थळावर आहे.

जुळणी करताना पक्षाचा पैसा पक्षाच्या भूमिकेशीच ताडा. एकाच पक्षाच्या दोन खासदारांमधला फरक त्याने समजत नाही, त्यासाठी नववी अनुसूचीच हवी. मतदारसंघाचे प्रश्न आधी बाजूला काढा. ८ डिसेंबर २०२३ च्या कांदा निर्यातबंदीवर नाशिक किंवा दिंडोरीचा खासदार बोलणारच, निधी कुणाचाही असो. उरलेल्या प्रश्नांत एखाद्याच धंद्याचा विषय वारंवार येत असेल तर देणगीच्या आधीचे प्रश्नही काढा. तो विषय तेव्हाही असेल, तर भूमिका पाहून देणगी आलेली असू शकते. देणगीनंतरच सुरू झाला असेल आणि त्याच पक्षाचे शेजारचे खासदार तो काढत नसतील, तर नोंद करून ठेवा. एवढ्यावर लाच सिद्ध होत नाही, पण खासदारांना लेखी विचारण्याइतका आधार तुमच्या हातात नक्की येतो.