परसातील कोंबड्यांना उरलेले अन्न घालून खाद्याचा खर्च कमी करता येतो का?

होय, खर्च नक्कीच कमी होतो; मात्र तयार खाद्य पूर्णपणे बंद करू नये. अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते आणि त्यात सुमारे १६ टक्के प्रथिने लागतात. नुसता शिळा भात किंवा पाव घातल्यास पोट भरते, पण अंडी घटतात. म्हणून सकाळी खाद्य द्यावे आणि दुपारी भाज्यांचे देठ, पालेभाजीची पाने, शिजवलेली डाळ असे उरलेसुरले अर्ध्या तासात संपेल इतकेच घालावे. उरलेले लगेच उचलावे, नाहीतर उंदीर येतात.

अंड्यांची टरफले तर मुळीच फेकू नयेत. ती बोटांनी सहज चुरली जातील इतकी भाजून, बारीक करून वेगळ्या भांड्यात ठेवली, तर कवचासाठी लागणारे कॅल्शियम फुकट मिळते आणि टरफल ओळखू न आल्याने कोंबड्यांना अंडी फोडण्याची सवयही लागत नाही.

बुरशी आलेले धान्य किंवा पाव कधीही घालू नये. वरची बुरशी काढून उरलेला भाग देणेही धोक्याचे, कारण तिचे विष डोळ्यांना दिसत नाही. खारट पदार्थ, कच्चा राजमा, बटाट्याची हिरवट साल आणि अ‍ॅव्होकॅडोही टाळावेत.