सांदवाडीचे प्रश्न : वालाला फूल कधी येणार?

प्रश्न : घरच्या जुन्या, जांभळ्या फुलांच्या वालाचे बी मार्चमध्येच लावले. ऑगस्ट लागला, मांडव पानांनी गच्च झाला, पण एक कळी नाही. दोन घमेली शेणखत घातले, मूठभर युरियाही दिला. बी बिघडले असेल का? वेल काढून टाकू? (दारव्हा)

उत्तर : काढू नका. बी चांगले आहे, घाई तुमची झाली. आपल्याकडचे जुने वेली वाल दिवस आखूड होऊ लागल्याशिवाय कळी धरत नाहीत. विदर्भात जूनअखेरीस दिवस साडेतेरा तासांच्या जवळ जातो, डिसेंबरात अकराच्या आत येतो. मार्चपासून दिवस वाढतच असल्याने वेल नुसता पाला करत बसली. मार्चचे बी काय आणि मृगाचे काय, फूल दोन्हींना दसरा-दिवाळीच्या आगेमागेच. मग ऐन उन्हाळ्यात तीन महिने पाणी कशाला ओतायचे? पोपटाचे, म्हणजे वालाच्याच शेंगांचे, हिरवे दाणे थंडीतच बाजारात दिसतात, त्यामागेही हेच गणित.

युरिया मात्र चुकलाच. वालाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून वेलीला देतात. वरून आणखी दिला की पाला माजतो, फूल लांबते. आता खत बंद ठेवा. दाटीतल्या तिसऱ्या हिश्श्याच्या फांद्या काढा, म्हणजे आत ऊन-वारा खेळेल. हे काम पोळ्यापर्यंतच. पुढे शेंडे खुडले तर कळ्याही हातात येतील. फुले लागल्यावर बोटभर खालची माती कोरडी लागली की पाणी द्या. त्या दिवसांत ताण बसला तर तुरेच्या तुरे गळतात.

उन्हाळ्यात शेंग हवीच असेल तर बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का जय, अर्का विजय हे बुटके वाण लावा. ते दिवसाच्या लांबीला जुमानत नाहीत, मांडवही मागत नाहीत.

प्रश्न : काळ्या जमिनीत वालाचे बी दोनदा कुजले. रात्रभर भिजवूनच लावले होते. मांडवावर कपाशीच्या पऱ्हाट्या टाकल्या तर चालतील? (हिंगणघाट)

उत्तर : भिजवल्यानेच कुजले. फुगलेले बी चिबडीत पडले की त्याला हवा मिळत नाही. बी कोरडेच लावा. आधी दोन फूट रुंद, आठ इंच उंच गादी करा; मातीत एक घमेले कुजलेले शेणखत आणि तेवढीच रेती मिसळा. दोन-तीन चांगले पाऊस पडून वाफसा आला की दीड ते दोन फुटांवर तीन-तीन बिया इंचभर खोल टोबा. आठवडाभरात उगवतील. मग जोमदार दोनच ठेवा.

पऱ्हाट्या नकोत. वाळल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. ती घराजवळ का सांभाळायची? मांडवाला आठ फुटी बांबू दोन फूट गाडा आणि वर तुराट्या आडव्या-उभ्या बांधा. हात पोचेल एवढीच उंची बरी, नाहीतर वरच्या शेंगा माकडांनाच.

प्रश्न : बियाण्याचे वाल डब्यात ठेवले, तीन महिन्यांत सगळ्यांना भोके. डबा तर घट्ट होता. (उमरेड)

उत्तर : भुंगेरा डब्याबाहेरून आला नाही, शेंगेतूनच आला. वेलीवर वाळत असलेल्या शेंगांवर मादी अंडी घालते, अळी दाण्यात शिरते आणि डब्यात भुंगेरा होऊन बाहेर पडते. म्हणून बियाण्याच्या शेंगा पिवळ्या पडून कडक झाल्या की लगेच तोडा, सगळी वेल वाळेपर्यंत थांबू नका. सोलून दाणे सावलीत वाळवा. दाताखाली दाणा दबला तर ओल आहे, कट्‌कन तुटला तर झाले. मग घट्ट डब्यात भरून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर डबा दिवसभर उघडू नका, नाहीतर गार दाण्यांवर दव धरेल. फ्रीजर नसेल तर चाळलेली कोरडी राख दाण्यांत भरपूर मिसळा.

शेजारी दुसऱ्या रंगाचा वाल असेल तर भुंगे-माश्या पराग इकडचा तिकडे नेतात. बियाण्यासाठी राखलेल्या दोन-चार तुऱ्यांवर कळी उमलण्याआधीच मलमलची पिशवी बांधा. शेंग धरली की पिशवी काढा आणि देठाला रंगीत दोरा बांधा, म्हणजे भाजीसाठी कोणी ती तोडणार नाही.