नाशिकच्या डोंगरांतले थर रूपांतरित खडकांचे आहेत का? आणि हिमालयातले रूपांतरित खडक कसे ओळखायचे?

नाशिकचे नाहीत. रूपांतरित म्हणजे उष्णतेने आणि दाबाने मूळचं रूप बदललेले खडक. पांडवलेणी, अंजनेरी, ब्रह्मगिरी, कुठेही बघा, ते बेसाल्टचेच थर आहेत, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला त्याचे. मधे विटकरी मातीचा पट्टा लागला, तर खालचा बेसाल्ट कुजल्यावर वर पुढचा लाव्हा आला असं समजा. 'दाबाने थर पडले' असं लेण्यांपाशी उभं राहून सांगतात ना, ते साफ चूक आहे.

'थर' या एकाच शब्दाने सगळा घोळ होतो. गाळ साचताना पडलेला थर वेगळा आणि दाबाखाली अभ्रकाचे कण एका दिशेला वळून पडलेले पदर वेगळे. पाटीच्या दगडात दोन्ही एकाच तुकड्यात सापडतात: रंगाचा पट्टा तिरका जातो आणि दगड त्याला छेदून भलत्याच पातळीवर सुटतो. पट्टा म्हणजे मूळ थर, सुटतो ती पातळी म्हणजे पदर. क्लायनोमीटरने दोन्हींचा उतार मोजा, वहीत वेगवेगळा लिहा. एकच लिहिलात तर खडकांची घडी कुठे वळते ते नकाशावर हमखास चुकतं.

नाव द्यायला दहापट भिंग पुरतं. कण दिसत नाहीत, पातळ पापुद्रे सुटतात: पाटीचा दगड. पदरावर रेशमी झाक: फायलाइट. अभ्रक नुसत्या डोळ्यांना दिसतो: शिस्ट. पांढरे-काळे पट्टे आहेत पण दगड त्यांवरून सहज फुटत नाही: नाइस.

उष्णता किती लागली ते खनिजं सांगतात. क्लोराइट, बायोटाइट, गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट, सिलिमनाइट हा चढता क्रम भूवैज्ञानिक जॉर्ज बॅरो यांनी १८९३ साली स्कॉटलंडमध्ये दाखवायला सुरुवात केली. 'जितकं खाली तितकं रूपांतरण जास्त' असं ठामपणे सांगणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, सिक्कीम दाखवतो. तिथे दरीत क्लोराइट आणि उंचावर सिलिमनाइट आहे, कारण खोलवर तापलेले खडक भ्रंशावरून (खडकांतल्या मोठ्या भेगेवरून) वर सरकून थंड खडकांवर येऊन बसले. म्हणून डोंगरातली उंची बघून रूपांतरणाची श्रेणी (ते किती झालं ते) लावू नका.

एक अट मात्र आहे. हा क्रम मूळच्या चिकणमातीच्या खडकालाच लागू पडतो. शुद्ध वाळूच्या क्वार्टझाइटमध्ये कितीही उष्णता लागली तरी गार्नेट येणार नाही, कारण त्याला लागणारं ॲल्युमिनियम आणि लोहच तिथे नाही. गार्नेट हवं असेल तर आधी अभ्रक चमकणारा पट्टा गाठा.