चौघांच्या मैफलीपूर्वी

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची यादी मिळाली. तुझ्या जॅझ क्वार्टेटची, म्हणजे चौघांच्या वाद्यमेळाची, मैफल तीन आठवड्यांवर आली आहे, आणि यादीत ब्लूज, एक लोकगीत, एक पॉप गाणे, बीबॉप या जॅझ शैलीतली एक वेगवान रचना आणि दोन तुझ्या स्वतःच्या रचना आहेत. एवढे सगळे एका संध्याकाळी वाजवले तर ‘याला स्वतःची शैलीच नाही’ असे लोक म्हणतील का, असे तू विचारले आहेस. या प्रश्नाचे उत्तर तुझ्याप्रमाणेच गिटार वाजवणारे अमेरिकन जॅझवादक बिल फ्रिझेल यांच्या कारकिर्दीत शोधावे, असे मला वाटते.

१९५१ साली जन्मलेले फ्रिझेल डेन्व्हरमध्ये वाढले आणि गिटारच्या आधी क्लॅरिनेट शिकले. फुंकून वाजवायच्या वाद्यात एका वेळी एकच सूर निघतो आणि श्वास संपला की थांबावेच लागते. त्यांच्या गिटारमध्ये ही सवय उतरली असावी, हा माझा तर्क आहे. सुरुवातीच्या काळात ते व्हॉल्यूम पेडलने (पायाने आवाज कमी-जास्त करायच्या साधनाने) तारेवरचा पहिला आघात झाकत, त्यामुळे सूर छेडल्यासारखा न वाटता हळूहळू फुगत आल्यासारखा वाटे. पुढे जॅझ गिटारवादक जिम हॉल यांच्याकडून त्यांनी थोडेच धडे घेतले, पण कमी सुरांत पुष्कळ सांगण्याची ती रीत आजही त्यांच्या वादनात ऐकू येते.

आता त्यांनी काय काय वाजवले ते पाहा. सॅक्सोफोनवादक जॉन झॉर्न यांच्या ‘नेकेड सिटी’ या बँडमध्ये ते कर्कश, क्षणाक्षणाला बदलणारे संगीत वाजवत होते, आणि १९९७ साली ‘नॅशव्हिल’ या अल्बमसाठी बँजो, मँडोलिन आणि डोब्रो (एक प्रकारची गिटार) वाजवणाऱ्यांबरोबर ड्रम्सशिवाय बसले. त्याआधीच्या एका अल्बममध्ये तर पाश्चात्त्य अभिजात संगीतातले एरन कोपलंड आणि चार्ल्स आइव्ह्ज, ब्लूजमधले मडी वॉटर्स, जॅझमधले सनी रोलिन्स, शिवाय बॉब डिलन आणि मॅडोना यांच्या रचना एकापाठोपाठ येतात. कागदावर ही यादी तुझ्या यादीपेक्षा कितीतरी विस्कळीत दिसते. ऐकताना मात्र तसे होत नाही, कारण प्रत्येक चाल ते त्याच संथपणे आणि तितक्याच आदराने उलगडतात, आणि पॉप गाण्याकडे थट्टेने पाहत नाहीत. म्हणून यादी कापण्याआधी तुझ्या त्या पॉप गाण्याची मूळ चाल एकही अलंकार न लावता वाजवून पाहा. ती तशी वाजवताना कंटाळा आला, तर ते गाणे खुशाल काढून टाक.

यादीपेक्षा मला अधिक काळजी आहे ती चौघांच्या साथीची. ड्रमवादक पॉल मोशन आणि सॅक्सोफोनवादक जो लोव्हानो यांच्याबरोबरच्या त्रयीत फ्रिझेल अनेक वर्षे बेसशिवाय, म्हणजे खालच्या सुरांचा पाया देणाऱ्या वाद्याशिवाय, वाजवत राहिले. १९९६ च्या ‘क्वार्टेट’ या अल्बममध्ये गिटारबरोबर ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि व्हायोलिन होते. तिथे नेहमीची बेस-ड्रम्सची जोडी नव्हती. २०२२ च्या ‘फोर’मध्ये पियानो, ड्रम्स आणि सॅक्सोफोन-क्लॅरिनेट आहेत, पण बेस पुन्हा नाही. पाया गेला की प्रत्येकाला दुसऱ्याचे ऐकून आपली जागा ठरवावी लागते.

तुझ्याकडे बेस आहे, पण पियानोही आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे. गिटार आणि पियानो एकाच मधल्या सप्तकात कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) वाजवू लागले की सगळा आवाज गढूळ होतो, आणि त्यात दोघांनी कॉर्डमध्ये वेगवेगळे जादा स्वर घेतले तर सोलो, म्हणजे एकल वादन, करणाऱ्या बिचाऱ्याने कोणाच्या मागे जायचे? सोलोमागे साथ कोणी करायची हे प्रत्येक रचनेसाठी तालमीतच ठरवा. पियानो साथ करत असेल तेव्हा गिटार सरळ खाली ठेवलीस तरी चालेल. वाजवायचेच असेल तर कॉर्डचा तिसरा आणि सातवा स्वर पुरेसा आहे, मूळ स्वर बेसवर सोपव.

पुढची तालीम फोनवर ध्वनिमुद्रित कर. स्वतःचे सोलो सोडून दे. चौघेही एकाच वेळी वाजवत आहेत अशा जागा तेवढ्या मोज आणि त्यांपैकी निम्म्या ठिकाणी कोण थांबेल हे इतर तिघांना विचारून ठरव. ते मुद्रण मलाही पाठव, म्हणजे पुढच्या पत्रात रचनांच्या क्रमाबद्दल लिहिता येईल.

तुझा शुभचिंतक