ढकलण्याआधी

प्रिय मित्रा,

वाळूवर पडलेला डॉल्फिन दिसला की त्याला पाण्यात लोटावंसं वाटतं. तुलाही वाटेल, आणि भोवतीची गर्दी तर त्यासाठी ओरडतच असते. ऐकू नकोस. एकटा आलेला डॉल्फिन बहुतेक वेळा आजारी किंवा जखमी असतो. नुसता लोटलास तर तो थोड्या अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागतो, आणखी दमून.

आधी बचाव पथकाला फोन कर, मग श्वास मोज. ओली चादर टाकताना डोक्यावरचं श्वासरंध्र उघडं ठेव. त्यात पाणी किंवा वाळू जाता कामा नये. छातीच्या परांखाली वाळू उकरून खळगे कर, म्हणजे पर दुमडत नाहीत. शेपटीला धरून ओढायचं नाही, कितीही घाई असली तरी. समुद्रात पाणी त्याचं वजन पेलतं; जमिनीवर तेच वजन स्नायू चेपतं, आणि चेपलेल्या स्नायूंतून सुटलेली द्रव्यं मूत्रपिंडांवर जातात. वरून शांत दिसणारं जनावर आतून संपत आलेलं असू शकतं. पशुवैद्यानं दयामरण ठरवलं तर तिथं वाद घालू नकोस.

कळपाचं गणित वेगळं. फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या फेअरवेल स्पिटवर ४०० हून अधिक पायलट व्हेल अडकले होते. हे प्राणी एकमेकांना सोडत नाहीत. एकेकाला सोडलंस तर तो मागच्यांच्या हाकेला परत येतो. म्हणून भरतीत सगळ्यांना एकत्र धरून मगच सोडतात.

सीलचं एकटं पिल्लू मात्र अनाथच असेल असं नाही. आई मासे धरायला गेलेली असते आणि माणसं दिसली की किनाऱ्याला येत नाही. लांबून, दुर्बिणीतून बघ. उचललंस तर ती बचाव नव्हे, पळवापळवी.

आमच्या बचाव केंद्रात कामाला आल्यावर तुझा उत्साह जरा उतरेल. सुरुवातीला बादल्या घासायच्या, गोठवलेले मासे वितळवायचे. उपाशी जनावरापुढे लगेच अख्खे मासे टाकत नाहीत: आधी नळीनं क्षारपाणी, मग माशांचा पातळ लगदा. त्यांच्याशी लाडानं बोलायचं नाही, हे सगळ्यांना जड जातं. पण माणसाला सरावलेला सील सुटल्यावर बोटींमागे लागतो.

हातमोजे घालच. तरीही सील बोटाला चावला, तर डॉक्टरांना सीलचा चावा आहे असं स्पष्ट सांग. त्या संसर्गावर पेनिसिलिन चालत नाही, टेट्रासायक्लिन लागतं, आणि हे त्यांना सहसा माहीत नसतं.

तुझा,
दादा